हुखोऊ, 'तरंगती लोकसंख्या' आणि 'सामाजिक एकात्मता': चीनमधल्या स्थलांतरितांविषयी मराठीत कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न

नमस्कार मंडळी. गावाकडून चीनच्या मोठ्या शहरांत कामाला आलेल्या लोकांना तिथे शाळा, दवाखाना, विमा यांतलं काय मिळतं आणि ते शहर त्यांना कितपत आपलं म्हणतं, यावर एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. माहिती जमली आहे, गाडी अडते ती शब्दांपाशी. 'हुकोऊ' नावाची जी नोंदणी आहे तिला 'अधिवास' म्हटलं तर चालेल का? 'फ्लोटिंग पॉप्युलेशन'साठी 'तरंगती लोकसंख्या' असं वाचनात आलं, ते मला पटत नाही. आणि 'सोशल इंटिग्रेशन'ला 'सामाजिक एकात्मता' लिहिलं की पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं वाटतं. वाचक सामान्य आहेत, अभ्यासक नाहीत. कृपया मदत करा.

प्रतिसाद

ताई, आधी उच्चार. रोमन लिपीतला चिनी 'के' महाप्राण असतो, म्हणून 'हुखोऊ' हे मूळ उच्चाराच्या जास्त जवळ. मराठीत 'हुकोऊ'ही दिसतं, त्याने काही अडत नाही. एक काहीतरी ठरवा आणि लेखभर तेच ठेवा.

'अधिवास' मात्र अजिबात नको. आपल्याकडे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचे पुरावे दिले की तहसीलमधून डोमिसाइल मिळतं, म्हणजे अधिवास राहण्यातून मिळतो. हुखोऊ जन्माने येतं. १९९८ पर्यंत तर मूल आईच्याच नोंदीत जायचं, त्यानंतर आई किंवा वडील यांपैकी एकाची नोंद निवडता येऊ लागली. सिच्वानमधल्या खेड्यात नोंद असलेली बाई वीस वर्षं शेनझेनच्या कारखान्यात राबली तरी निव्वळ राहण्याने तिचं हुखोऊ बदलत नाही. 'अधिवास' लिहिलंत तर वाचकाला नेमकं उलटं कळेल.

ही व्यवस्था जानेवारी १९५८ च्या नियमावलीने पक्की झाली. खेड्यातून शहरात नोंद हलवायची तर शहरातल्या नोकरीचा दाखला, शाळा-कॉलेजचं प्रवेशपत्र किंवा शहराच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी, यांपैकी काहीतरी हातात लागायचं. शिवाय प्रत्येक कुटुंबावर 'शेतकी' किंवा 'बिगरशेतकी' असा शिक्का असे. २०१४ मध्ये सरकारने हा भेद काढून सगळ्यांना 'रहिवासी' या एकाच नावाखाली आणायचं ठरवलं. नोंद कोणत्या गावची, हा प्रश्न तरीही तसाच उरला. आज अडवणूक होते ती तिथेच.

मी 'कुटुंबनोंदणी' सुचवेन. पहिल्या उल्लेखात 'हुखोऊ, म्हणजे मूळ गावाला बांधलेली कुटुंबनोंदणी' असं लिहा आणि पुढे नुसतं हुखोऊ.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला जोडून. 'हु' म्हणजे घर आणि 'खोऊ' म्हणजे तोंड. चिनीत लोकसंख्येलाही 'रनखोऊ', म्हणजे माणूस-तोंड, म्हणतात. आपण शिरगणती करतो, म्हणजे डोकी मोजतो. जुना शब्द 'खानेसुमारी', तो घरं मोजण्याचा. पण खाणारी तोंडं मोजायची सवय मराठीलाही आहे, 'घरात खाणारी तोंडं किती?' असं आपण सहज विचारतो. आणि चीनच्या बाबतीत तोंड हा शब्द फार खरा ठरला. पन्नाशीच्या दशकात शहरात धान्य रेशनवर मिळू लागलं, ते शहरी हुखोऊवाल्यांनाच. कुपनं नसतील तर शहरात येऊन खाणार काय? पोलिसांच्या आधी माणसाला धान्यानेच गावात धरून ठेवलं. आपल्याकडेही शिधापत्रिका कितीतरी वर्षं राहण्याचा पुरावा म्हणून चालली आहे, त्यामुळे वाचकाला हा धागा लगेच कळेल.

आता माझी सूचना. मराठ्यांच्या काळच्या गावगाड्यात 'मिरासदार' आणि 'उपरी' असे दोन प्रकारचे कुळंबी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावाच्या कारभारात त्याला मान. उपरी बाहेरगावाहून आलेला, तीच माती कसायचा, पण मिरासीचा हक्क त्याला नसे. चिनी शहरातला गावाकडचा कामगार आणि हा उपरी यांची जागा मला एकच दिसते. शहरी हुखोऊला 'शहराची मिरासी' आणि बाहेरच्याला 'उपरी' म्हणून पाहा.

प्रश्नकर्तीकडून

काका, मिरासदार-उपरी ही जोडी विलक्षण चपखल आहे, लेखात समजावून सांगण्यासाठी नक्की वापरेन. पण 'उपरी' हे नाव म्हणून वापरायला मन होत नाही. आज 'उपरा' म्हटलं की हिणवल्यासारखं होतं, आणि ज्यांच्या बाजूने लिहायचं त्यांनाच ते चिकटेल.

प्रतिसाद

ताईंशी सहमत. या लोकांना काय म्हणायचं, हा प्रश्न खुद्द चीनमध्ये सत्तर वर्षं चालू आहे. पन्नाशीच्या दशकात परवानगीविना शहरात येणाऱ्यांना 'मांगल्यू' म्हणत, म्हणजे आंधळा लोंढा. पुढे 'नोंगमिनकोंग' रूढ झाला: नोंगमिन म्हणजे शेतकरी, कोंग म्हणजे कामगार. ज्याने आयुष्यात नांगर धरला नाही अशा तिशीतल्या वेल्डरलाही शेतकरी-कामगारच म्हणायचं, कारण शब्द त्याच्या नोंदीवरून पडला आहे. तरी सरकारी आकडेवारीत तोच चालतो. राष्ट्रीय सांख्यिकी विभागाच्या हिशेबाने २०२४ मध्ये नोंगमिनकोंग जवळपास ३० कोटी होते. २०१२ मध्ये ग्वांगडोंग प्रांताने हा शब्द सोडून 'परठिकाणचे कामगार' अशा अर्थाचं नाव घेतलं. काही शहरांनी 'नवे नगरवासी' म्हणायला सुरुवात केली. आणि हे लोक स्वतःविषयी बोलताना बहुतेक वेळा 'ताकोंग' एवढंच म्हणतात: दुसऱ्याच्या हाताखाली काम करणं, चाकरी.

इथे मला 'चाकरमानी' आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईत राबणारा, गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारा कोकणातला माणूस. तो शब्दही चाकरीवरूनच पडला, आणि २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर सरकारदरबारी त्याऐवजी 'कोकणवासीय' म्हणावं असा विषय निघाला होता. पण चिनी कामगाराला चाकरमानी म्हणू नका. चाकरमान्याच्या मुलाला मुंबईत दहावीची परीक्षा देण्यापासून कुणी रोखलेलं नाही. शब्दासोबत हा भरवसाही वाचकाच्या मनात येईल, आणि तिथल्या माणसाला तो नाही.

'तरंगती' तर नकोच. मूळ शब्द 'ल्यूतोंग', म्हणजे वाहतं, हलतं. शिवाय आपल्या नगरपालिकांच्या भाषेत 'फ्लोटिंग पॉप्युलेशन' म्हणजे येऊन-जाऊन असणारे: लोकलने येणारे नोकरदार, वारीच्या दिवसांत पंढरपुरात उतरणारे भाविक. चीनच्या गणनेत मात्र स्वतःच्या नोंदीचं ठिकाण सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ दुसरीकडे राहणारे यात येतात, एकाच शहरातल्या एका भागातून दुसऱ्या भागात गेलेले वगळून. २०२० मध्ये असे ३७ कोटी ५८ लाख लोक होते. त्यांतले कित्येक एकाच शहरात संसार करून बसलेले आहेत. शेनझेनमध्ये त्या वर्षी १ कोटी ७५ लाखांवर वस्ती होती आणि त्यात १ कोटी २४ लाख असे. दहातली सात माणसं तरंगती म्हणायची, तर मग त्या शहरात स्थिर कोण?

आणखी एक गाठ आहे. चिनीत नोंद सोबत घेऊन जाणं वेगळं, त्याला 'छ्येनयी' म्हणतात. नोंद मागे ठेवून जाणं म्हणजे ल्यूतोंग. आपलं 'स्थलांतरित' दोन्हींवर पांघरूण घालतं. माझा पर्याय: 'परगावी नोंद असलेले रहिवासी'. लांब आहे, कबूल. पण यात 'रहिवासी' येतो, आणि अडचण कुठे आहे तेही येतं.

प्रतिसाद

एका शब्दाबद्दल सावध करते. २००३ पर्यंत शहरात परवान्याविना सापडलेल्यांना धरून गावी पाठवण्याची जी पद्धत होती, तिच्या चिनी नावात पहिला शब्द 'आसरा देणे' या अर्थाचा आहे. तो कुणी 'निवारा केंद्र' असा उतरवला तर वाचकाची फसवणूक होईल. मार्च २००३ मध्ये ग्वांगझोऊत सुन चिकांग या २७ वर्षांच्या पदवीधर तरुणाला तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नाही म्हणून ताब्यात घेतलं, तिथे त्याला मारहाण झाली आणि तो मेला. देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी ती नियमावली रद्द झाली. मराठीत 'धरपकड आणि परतपाठवणी' असंच लिहा. सरकारी नावातला गोडवा आपण कशाला वाहायचा?

प्रतिसाद

मी बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचं काम करतो. चिनी येत नाही, पण 'सार्वजनिक सेवा' या शब्दाबद्दल बोलायचं आहे. आपण 'नागरी सुविधा' म्हणतो तेव्हा नळ, गटार, रस्ता डोळ्यांपुढे येतो. 'लोकसेवा' म्हटलं की २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा, म्हणजे दाखले आणि उतारे. ताईंच्या लेखात शाळा, विमा, घर आहे. तेव्हा 'सार्वजनिक सेवा'च ठेवा, पण पहिल्याच परिच्छेदात कोणत्या ते सांगा.

प्रतिसाद

यावर चिनी कायद्यातच उत्तम सामग्री आहे. १ जानेवारी २०१६ पासून वास्तव्य-परवान्याची देशव्यापी नियमावली लागू झाली. सहा महिने राहिलेल्या आणि स्थिर नोकरी, स्थिर घर किंवा चालू शिक्षण यांपैकी एक असलेल्या माणसाला तो परवाना मिळतो. त्यात 'हक्क', 'मूलभूत सार्वजनिक सेवा' आणि 'सोयी' असे तीन निरनिराळे शब्द आहेत. काम करणं, सामाजिक विम्यात आणि गृहनिर्माण निधीत भाग घेणं हे हक्क. सक्तीचं शिक्षण, रोजगारासाठी मदत, सार्वजनिक आरोग्य, कायदेविषयक साहाय्य या सेवा. गाडीची नोंदणी, वाहनपरवाना, ओळखपत्राचं नूतनीकरण या सोयी. मराठीत हे तिन्ही शब्द वेगळे ठेवा. सगळ्याला 'सुविधा' म्हटलं की हक्कसुद्धा कुणाच्या मेहेरबानीसारखा दिसतो.

कागदावर सेवा आहे म्हणून ती हातात पडतेच असं नाही. शाळाच बघा. सक्तीचं शिक्षण, म्हणजे नववीपर्यंतचं, त्याची जबाबदारी राहत्या ठिकाणच्या सरकारची आणि मुख्यतः सरकारी शाळांतून, हे धोरण २००१ पासूनचं. तरी बीजिंगमध्ये प्रवेशासाठी 'पाच दाखले' मागत: नोकरीचा, घराचा, हुखोऊचा, वास्तव्याचा आणि मूळ गावी सांभाळायला कुणी नाही याचा. भाड्याच्या खोलीत करारनाम्याविना राहणारा भाजीवाला घराचा दाखला आणणार कुठून? पूर्वी बाहेरच्या मुलांकडून जादा शुल्क घेत, त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'उसनं शिकण्याचं शुल्क'. नववीनंतर तर वाट आणखी अरुंद. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा मूळ नोंदीच्या प्रांतात द्यायची, असा नियम. २०१२ मध्ये केंद्राने प्रांतांना यात सवलती आखायला सांगितलं, पण बीजिंग-शांघायसारख्या शहरांनी अटी कडक ठेवल्या. शांघायमध्ये २०१३ पासून वास्तव्य-परवान्याला गुण आहेत. शिक्षण, वय, विमा भरल्याची वर्षं यांचे मिळून १२० झाले तर मूल तिथे पुढच्या परीक्षा देऊ शकतं. बीजिंगने २०१८ मध्ये गुणांवर हुखोऊ द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास अर्ज आले, हुखोऊ मिळालं ६,०१९ जणांना. याउलट ३० लाखांच्या आतल्या शहरांनी अटी काढाव्यात, असं केंद्र २०१९-२० पासून सांगत आलं आहे. म्हणजे दार उघडतंय ते लहान शहरांचं, आणि माणसं उभी आहेत मोठ्या शहरांच्या दारात.

प्रतिसाद

'इंटिग्रेशन'वर कुणी बोललं नाही. 'एकात्मता'ला राष्ट्रीय सप्ताहाचा वास आहे, 'समरसता'ला एका विचारधारेचा रंग आहे, 'समावेशन' बँकेच्या परिपत्रकातलं. मराठीकडे साधी क्रियापदं आहेत, ती वापरा. माणूस शहरात 'रुळतो', हे त्याच्या बाजूने. शहर त्याला 'सामावून घेतं', हे शहराच्या बाजूने. चिनीतही 'रोंगरू' म्हणजे आत मिसळून जाणं आणि 'रोंगह' म्हणजे दोघांनी एकमेकांत मिसळणं, असा फरक आहे. लेखात कुठे कोण हललं पाहिजे ते बघा. बोली, कपडे, रस्ता ओलांडायची रीत हे सगळं शिकून माणूस रुळलेला असतो; राहिलेलं काम शहराचं असतं. तिथे 'ते अजून रुळले नाहीत' असं लिहिणं म्हणजे दोष चुकीच्या माणसावर टाकणं.

'सिटिझनायझेशन' असाही शब्द तुम्हाला भेटेल. त्याला 'नागरीकरण' म्हणू नका, तो अर्बनायझेशनसाठी गेला. 'नागरिकत्व देणे' तर नकोच, ते चीनचे नागरिक आहेतच. 'पूर्ण नगरवासी होणे' लिहा. २०२० मध्ये चीनमधले ६३.८९ टक्के लोक शहरांत राहत होते, पण शहरी हुखोऊ ४५.४ टक्क्यांकडेच होतं. मधल्या अंतरात जी माणसं आहेत त्यांचीच ही गोष्ट.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखाची सुरुवात अशी केली आहे: 'चीनच्या शहरांत कोट्यवधी माणसं परगावच्या नोंदीवर राहतात. हुखोऊ, म्हणजे मूळ गावाला बांधलेली कुटुंबनोंदणी, शहराची नसल्याने शाळा, आरोग्यविमा, स्वस्त घर अशा सार्वजनिक सेवा त्यांना अर्ध्यामुर्ध्या मिळतात. काम करून ती शहरात केव्हाच रुळली आहेत. शहराने त्यांना सामावून घेणं बाकी आहे.' एकच अडलं आहे. आईबाप शहरात आणि मुलं गावी, त्या मुलांना 'मागे पडलेली मुलं' लिहू का?

प्रतिसाद

'मागे पडलेली' नको, ताई. आपल्याकडे तो शब्द अभ्यासात कच्च्या मुलांसाठी आहे, आणि या लेकरांना तसंही ते फार ऐकावं लागतं. आमच्याकडे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की मुलं आजीजवळ राहतात आणि गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवतात. त्यांच्याबद्दल आम्ही 'गावी राहिलेली मुलं' म्हणतो.

प्रतिसाद

सर बरोबर सांगताहेत. चिनी शब्द 'ल्यूशोऊ'. जुन्या काळी सम्राट राजधानीबाहेर गेला की मागे राखण करणाऱ्या अधिकाऱ्याला ल्यूशोऊ म्हणत. आज तो शब्द आजीआजोबांजवळ राहणाऱ्या मुलांना लागला आहे. २०१६ च्या सरकारी व्याख्येत सोळा वर्षांखालची अशी मुलं येतात, ज्यांचे दोन्ही पालक बाहेर कामाला आहेत, किंवा एक बाहेर आहे आणि दुसरा सांभाळायला असमर्थ आहे. त्यामुळे एक पालक घरी असलेल्या प्रत्येक मुलासाठी हा शब्द वापरू नका, आकडे चुकतील. 'गावी राहिलेली मुलं' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ही व्याख्या द्या.