प्रतिसाद: पत्र्याचं काम सोपं नाही

किटमधून घरी विमान बांधण्याबद्दल 'पत्र्याचं काम कुपवाड एमआयडीसीतला कुठलाही बॉडीवाला करून देईल, खरी अडचण इंजिनाची' हे वरचं म्हणणं मला पटलं नाही. इंजिन तयार मिळतं. भरीव रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या, ठोकून चेपायच्या खिळ्यांच्या) विमान-किटमध्ये मात्र हजारो रिव्हेट हातानं मारावे लागतात, आणि बसच्या बॉडीचे, एका बाजूनंच बसणारे पॉप रिव्हेट मारण्यापेक्षा हे काम फार वेगळं आहे. सांगलीत मामेभावाच्या शेडमध्ये त्याच्या किटची शेपटी जोडायला मी कित्येक रविवार घातलेत, म्हणून सांगतो.

एकानं बाहेरून रिव्हेट ठोकणारी गन चालवायची, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. १/८ इंची रिव्हेटचं आत चेपून बनणारं डोकं साधारण ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच व्हायला हवं, म्हणजे व्यासाच्या दीडपट आणि निम्मं. ठोकळा जरा कलला की डोकं एका बाजूला लोळतं. मग ते ड्रिलनं काढताना भोक मोठं होण्याची धास्ती. त्याआधी प्रत्येक भोकाची बर, म्हणजे काठावर राहिलेली धारदार कड, काढायची, कारण राहिलेल्या बरेपासून पत्र्याला तडा सुरू होऊ शकतो. आमच्याकडे ठोकळा बहुतेक वहिनीच धरायच्या. त्यांचा हात बारीक, शेपटीच्या अरुंद टोकाशी कोपरापर्यंत आत जायचा.