मदत हवी आहे: सपोर्टमधून क्लाउडकडे जायचंय. एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची) परीक्षा देऊ की अर्धवट प्रोजेक्ट पूर्ण करू?

नमस्कार मंडळी,

हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे. तिकिटं, लॉग, रात्रीचे अलर्ट. लिनक्स, एसक्यूएल बऱ्यापैकी येतं, पायथन कामापुरतं. डेव्हऑप्समध्ये (कोड सर्व्हरवर चढवणं, तो चालता ठेवणं) शिरायचंय, पण शिफ्ट सांभाळून दोन्ही एकदम जमणार नाही.

एक, एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा. १५० डॉलर फी, वर जीएसटी. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, आणि सर्टिफिकेट ३ वर्षांत संपतं. ओळखीतल्या दोघांनी डम्प (फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करून काढलंय. सबनेटचं (नेटवर्कचे भाग पाडण्याचं) विचारलं की गाडी अडते!

दुसरं, सरकारी ओपन डेटा पोर्टलवरचे बाजारभाव रोज उचलून लासलगावच्या कांद्याचा आलेख दाखवणारी साइट. घरचा कांदा आहे, त्यातून सुचलं. सध्या लॅपटॉपवरच चालते. ती टेराफॉर्मने (क्लाउडची मांडणी कोडमध्ये लिहायचं टूल) एडब्ल्यूएसच्या लॅम्डावर (सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा) न्यायची, कोड गिटहबवर ठेवून गिटहब अ‍ॅक्शन्समधून आपोआप डिप्लॉय करायची. पण एचआर गिटहबची लिंक उघडतो का हो? जाहिरातींत तर ‘सर्टिफिकेशन असल्यास प्राधान्य’ असंच दिसतं.

मुलाखती घेणाऱ्यांनी सांगावं. ‘दोन्ही करा’ सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद:

मी मुलाखतीच्या पॅनेलवर बसतो. एचआर लिंक उघडत नाही, तांत्रिक फेरी घेणारा उघडतो, निदान मी तरी. एडब्ल्यूएसच्या पार्टनर कंपन्यांना वरची श्रेणी टिकवायला ठरावीक सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, म्हणून तिथे बॅजला खरंच किंमत आहे. तुमची कंपनी पार्टनर असेल तर फी तिच्याकडेच मागून बघा, खिशातून घालू नका.

प्रॉडक्ट कंपनीत जायचं असेल तर साइट आधी. मी विचारणार ते असं: सुट्टीमुळे लिलाव झालेच नाहीत तर आलेखात शून्य दिसतं की मोकळी जागा? तोच दिवस दोनदा लोड झाला तर? रोज भाव उचलणारा जॉब बंद पडला हे तुम्हाला कसं कळतं? सपोर्टवाल्याला हे प्रश्न आपोआप सुचतात, नुसत्या कोर्सवाल्याला नाही. रात्री सोडवलेला एखादा मोठा इन्सिडंट रेझ्युमेत सगळ्यात वर लिहा.

बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. एनएटी गेटवे (खाजगी नेटवर्कमधून इंटरनेटवर जायची वाट) चालू राहिला तर वापर नसतानाही तासागणिक बिल चढतं.

पुढे परीक्षा द्यायचीच झाली तर कुबरनेटीसची (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) सीकेए ही परीक्षा बघा. २ तास टर्मिनलवर प्रत्यक्ष क्लस्टर हाताळायचा असतो, पाठांतर कामाला येत नाही. महाग आहे मात्र.

डेटा कुठे साठवताय? एका पिकासाठी आरडीएस (एडब्ल्यूएसचा भाड्याचा डेटाबेस) घेतला असेल तर आधी तो काढा, एस-३ (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) मधली सीएसव्ही पुरते.