शब्दचर्चा : 'शालिमार' लावणारी बाई मादक, मोहक की आणखी काही?

प्रश्न (ठाणे)
गेर्लां या फ्रेंच घराण्याच्या 'शालिमार' या बायकांच्या परफ्यूमवर मराठीत चार ओळी लिहून द्यायच्या आहेत. तो कोणत्या स्वभावाच्या बाईला शोभेल, हे त्यात यायला हवं. 'मादक' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, "तमाशाच्या बारीची जाहिरात आहे का?" 'मोहक' लिहिलं तर काहीच न लिहिल्यासारखं वाटतं. 'सुगंधी' काय, साबणही असतो. वास सांगते : सुरुवातीला बर्गमॉट, म्हणजे लिंबाच्या कुळातल्या फळाचा आंबट झटका. मग थोडी फुलं. तासाभरात व्हॅनिला, धूप आणि चामडं मिळून काहीतरी गोड-धुरकट तयार होतं, ते संध्याकाळपर्यंत हटत नाही. शब्द सुचवा.

उत्तर (पुणे)
सासूबाईंना नमस्कार सांगा, पण 'मादक' मुळात चुकीचा नाही. मद म्हणजे नशा, मद म्हणजे गर्व, हत्तीच्या गंडस्थळातून झरतो तोही मद, आणि कस्तुरी म्हणजे मृगमद. शालिमारच्या जुन्या घडणीत जवादी मांजराच्या ग्रंथींतला अर्क असे. प्राण्याच्या अंगचा वास आणि गर्व या दोन्हींना पुरून उरणारा शब्द आपल्याकडे होताच. चित्रपटांच्या पोस्टरांनी तो इतका झिजवला की आता वाचला की डोळ्यांसमोर बाई येते, वास येतच नाही. 'दर्प'चं उलट झालं. संस्कृतात तो गर्व. मराठीत गर्वाचा अर्थ पुस्तकात राहिला आणि बोलण्यात उरला तो घामाचा, दारूचा, कोंदट खोलीचा दर्प. तो परफ्यूमला लावलात तर गिऱ्हाईक पळेल.

उत्तर (रत्नागिरी)
ताई, ठसका घ्या ना. फोडणीत सुकी मिरची जरा जास्त करपली की अख्ख्या घराला ठसका लागतो, शेजारचेसुद्धा खोकतात. आणि लग्नाच्या मांडवात एखादी बाई ठसक्यात आली की माना वळतात, तोही ठसकाच. तिथे रूप महत्त्वाचं नसतं हो. वय पन्नास असेल, रंग सावळा असेल, पण पदर खोचण्याची, विहिणीला बरोब्बर नेमकं उत्तर देण्याची एक तऱ्हा असते. तुमचा तो आंबट झटका आणि मागून येणारं चामडं ऐकून मला हीच बाई दिसली. सोज्ज्वळ बाईला हा वास द्यायचा नाही. तिला बकुळीचा वळेसर द्यावा, सुकला तरी वास देतो आणि कुणाच्या नाकात जात नाही.

उत्तर (मुंबई, अत्तराच्या धंद्यातून)
शब्द निवडण्याआधी वास कोणत्या वेळेचा ते ठरवा. दुकानात गिऱ्हाईक येतं, आपण काचेची काडी मनगटावर फिरवतो, ते लगेच नाक लावतं आणि 'फार उग्र आहे' म्हणतं. परफ्यूममध्ये त्या क्षणी निम्मं नाकात जातं ते अल्कोहोल. ते उडू द्या, मनगट चोळू नका, चहा पिऊन या, मग बोला. आमच्या जुन्या पद्धतीच्या अत्तरात अल्कोहोल नसतं, फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यामुळे तो पहिला फटका बसत नाही. ठसका पहिल्या पाच मिनिटांचा. तिसऱ्या तासाला तिथे 'दरवळ' पाहिजे. घमघमाट खोली भरून टाकतो, तळणीचासुद्धा येतो. दरवळ झुळकीसरशी येतो, जातो, परत येतो.

आणि 'भपका' टाळा. अत्तरांच्या कनौज गावात फुलं ज्या तांब्याच्या हंड्यात उकळतात ती देग, आणि वाफ थंड होऊन ज्या भांड्यात जमते त्याला भपका म्हणतात. आमच्यासाठी तो कामाचा, इज्जतीचा शब्द. पण मराठी वाचक भपकेबाज म्हटलं की दिखाऊच समजणार.

उत्तर (पुणे)
अत्तरवाल्या काकांचं पटलं, वेळेनुसार शब्द बदलायला हवा. आता थोडं या परफ्यूमच्या चारित्र्याविषयी. १८८९ च्या 'जिकी' या आपल्याच घराण्याच्या परफ्यूममध्ये जाक गेर्लांने एथिल व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं कृत्रिम रसायन) ओतून पाहिलं आणि त्यातून शालिमार निघाला, अशी कथा सांगतात. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तो मिरवला. त्या काळात म्हणे असं बोललं जाई की भल्या घरच्या बाईने तीन गोष्टी करू नयेत : सिगारेट ओढणे, टँगो नाचणे आणि शालिमार लावणे. म्हणजे केस कापलेल्या, रात्री नाचायला जाणाऱ्या पोरींचा हा वास. 'घरंदाज' हा शब्द चुकूनही वापरू नका.

त्याच दशकातला शनेल नंबर पाच (१९२१) शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळेल. तो घडवणाऱ्या एर्नेस्ट बो याने त्यात अल्डिहाइड नावाची सुगंधी रसायनं सढळ हाताने घातली, त्यामुळे फुलांवर साबणाची, ताज्या कांजीच्या कपड्याची झाक येते. ती बाई परीटघडीची. एक सुरकुती सापडायची नाही. शालिमारवालीची साडी चुरगळलेली असते आणि तिला त्याची फिकीर नसते.

जाता जाता : शाहजहानने मुमताजसाठी शालिमार बाग करवली ही जाहिरातीतली प्रेमकथा तुमच्या चार ओळींत घेऊ नका. काश्मीरची शालिमार बाग जहांगीरने १६१९ मध्ये नूरजहानसाठी करवली. लाहोरची शाहजहानने, पण १६४१-४२ मध्ये, आणि मुमताज वारली १६३१ ला. फ्रान्समध्ये खपतं, इथे कुणीतरी पकडेल.

प्रश्नकर्ती (ठाणे)
सगळ्यांचे आभार. मुमताज आधीच लिहून झाली होती, खोडली. आता असं केलंय : "येताना ठसका, बसल्यावर ऊब, आणि ती उठून गेल्यावर खोलीत बराच वेळ दरवळ. चारचौघींत मिसळून जाणारीने याच्या वाटेला जाऊ नये." कसं वाटतं? स्वभावासाठी वेगळं 'ठसकेबाज' घालू का?

उत्तर (रत्नागिरी)
नको. ठसका एकदा आलाय तेवढा पुरे, आणि 'बाज' लावलं की त्यात हलकी टिंगल येते. पण 'जाऊ नये' काढा, बायकांना काय करू नये सांगणारे पुष्कळ आहेत. 'चारचौघींत उठून दिसायचं असेल तर' असं करा.

उत्तर (मुंबई)
'ऊब' छान. व्हॅनिलाला दुसरा शब्द नाही.