काकरापार: गाळ मोजायचा की पाणी?

तापीकाठ: काकरापार अणुवीज केंद्रातून तापी नदीत किरणोत्सारी द्रव्य येतं का, हे तपासायचंय. बडोद्यातून तिथली फेरी म्हणजे अख्खा दिवस, त्यामुळे नमुने मोजकेच आणता येणार. माझं मत: पाणी कमी, गाळ जास्त. बाटलीतलं पाणी त्या तासापुरतंच बोलतं. गाळातलं किरणोत्सारी सीझियम-१३७ (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं) टिकून राहतं. फक्त पात्रातली वाळू उचलू नका. सीझियम चिकणमातीला धरतं, वाळूला नाही, म्हणून वाळूचा आकडा नेहमी गोंडस येतो. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यातला गाळ घ्या, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओलाच गाळा, १०५ अंशांवर वाळवा.

बीटा_बडोदे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! काकरापारच्या चारही अणुभट्ट्या जड पाण्याच्या (२२०च्या दोन, ७०० मेगावॉटच्या दोन). तिथे मुख्य पाहुणा ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. ते पाण्यासोबतच वाहतं, गाळाला चिकटत नाही. त्याचा बीटा किरण जास्तीत जास्त १८.६ केईव्हीचा (म्हणजे अगदी कमी ऊर्जेचा) आणि गॅमा किरण शून्य, म्हणजे गॅमा मोजणाऱ्या तुमच्या जर्मेनियम शोधकाला ते दिसणारच नाही. पाणी ऊर्ध्वपातित करा, ८ मिली पाण्यात १२ मिली सिंटिलेटर (किरण लागला की चमकणारा द्राव) मिसळा, कुपी रात्रभर अंधारात ठेवून मग मोजा. कुपी प्लास्टिकची हवी, साध्या काचेतलं पोटॅशियम-४० पार्श्वभूमी वाढवतं.

मरळ: दोघंही मासा विसरलात. माशातलं मोकळं पाणी नदीशी पटकन जुळतं, त्यातून नवं काही कळत नाही. मांसात बांधलेलं ट्रिटियम मात्र रेंगाळतं. त्यासाठी मांस गोठवून सुकवायचं, ऑक्सिजनमध्ये जाळायचं आणि निघालेलं पाणी मोजायचं. सुकवल्यावर ओलावा राहिला की मोकळंच ट्रिटियम मोजलं जातं. सीझियमसाठी आतडी आधी काढा, नाहीतर पोटातला चिखलच मोजाल. राख ४५० अंशांच्या वर नेऊ नका, सीझियम उडून जातं.

तापीकाठ: @बीटा_बडोदे ट्रिटियमचं मान्य. पण इंधनाच्या नळीला भेग गेली तर सीझियमच येईल, आणि ते पकडायला गाळच लागतो. १३७ एकटं दिसलं तर ते १९६०च्या आसपासच्या अणुचाचण्यांचंही असू शकतं. सोबत सीझियम-१३४ (अर्धायुष्य २ वर्षं) सापडलं, तर मामला ताजा.

बीटा_बडोदे: १३४ वर उडी मारण्याआधी गॅमाच्या रेषा (प्रत्येकाची ठरावीक ऊर्जा, केईव्हीत) बघा. सोडियम आयोडाइडच्या शोधकावर त्याची ६०५ची रेषा मातीत असतंच अशा बिस्मथ-२१४च्या ६०९मध्ये मिसळते आणि साधी माती 'ताजी गळती' ठरते. ७९६ पाहायला गेलात तर शेजारी ॲक्टिनियम-२२८ची ७९५ उभी. जर्मेनियमवर ६०५ स्वतंत्र दिसली, तरच बोला. आणि तुलनेचा नमुना नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या उकाईच्या जलाशयातला घ्या, त्याच चाळणीतून गाळलेला.

मरळ: उकाईतून पावसाळ्यात पाणी सुटलं की वरचा मऊ थर धुऊन जातो. म्हणून मे महिन्यात जा. नमुन्याची नळी गाळात दाबल्यावर तिचं वरचं झाकण घट्ट लावूनच उपसा, नाहीतर खालचा गाळ निसटतो. नळीतल्या गाळाच्या चकत्या २ सेंमीच्या करा, आणि कडेचा ओघळ खरवडून टाका, वरचा थर नळीच्या भिंतीला घासत खाली गेलेला असतो.