मदत हवी आहे: बोंबील कमी का झाला, नक्की कारण काय धरायचं?

मंडळी नमस्कार, वर्सोव्याला मामाची डोलीची (डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं) बोट आहे. हल्ली जाळ्यात बोंबील कमी आणि प्लॅस्टिकच जास्त, कारण डोल एका जागी बांधलेली असते, भरती-ओहोटीला पाण्याबरोबर जे येईल ते सगळं आत. प्लॅस्टिक वेचण्यातच अर्धी सकाळ जाते. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार काही थांबत नाही, आणि वलांडीवर (मासळी वाळत घालायच्या बांबूच्या मांडवावर) सुकवायला माल कमी म्हणजे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात मामीला विकायला सुकी मच्छी पण कमी.

घरात रोज वाद. मामा म्हणतो सगळा दोष पर्ससीन (थव्याला घेरून ओढायचं मोठं जाळं) आणि एलईडीवाल्यांचा (रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणारे), एलईडीला २०१७ पासून बंदी असून रात्री लाईट दिसतातच म्हणे. मी वाचलं की अरबी समुद्र तापतोय, केरळात तारली २०१२ला भरमसाट होती आणि २०२१ला जवळपास गायबच, म्हणजे एकट्या पर्ससीन-एलईडीवर ढकलून चालत नाही. शिवाय खाड्यांचं सांडपाणी, तिवरांची तोड, आणि आपणच बारीक पिल्लं पकडतो तेही आहेच (मामाला हे बोललं की जेवण बंद).

तर कोणी मत्स्यशास्त्र शिकलेलं किंवा मच्छीमार सोसायटीतलं असेल तर सांगा, मुंबईचे जातीनुसार मासळीचे जुने आकडे कुठे मिळतील? सीएमएफआरआयकडे (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) सामान्य माणसाने मागितले तर देतात का? आणि डोल सोडून गिलनेटवर (पाण्यात पडद्यासारखं सोडायचं जाळं) गेलेलं कोणी आहे का, खर्च सुटतो का? मामा बोट विकायचं बोलतोय, त्याआधी काहीतरी ठोस हातात पाहिजे.