रोबोटिक्स स्पर्धेत मुद्दाम हरणे: डावपेच की प्रतारणा?

धागाकर्ता:
अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स’ या विद्यार्थी स्पर्धेच्या पात्रता फेरीत तीन-तीन संघांच्या दोन युत्या समोरासमोर येतात आणि साथीदार कोण हे वेळापत्रक ठरवते. पुढे बाद फेरीसाठी मात्र क्रमवारीतले वरचे संघ आपले साथीदार स्वतः निवडतात. त्यामुळे शेवटचा सामना हरल्याने एखादा बलवान संघ खाली राहून आपल्या वाट्याला येणार असेल, तर काही मुलांना हरणेच शहाणपणाचे वाटते. मला हे साफ अमान्य आहे. तो सामना आपल्या एकट्याचा नसतो. आठवडेच्या आठवडे खपून रोबोट उभा केलेल्या आणखी दोन संघांचे गुण आपण त्यांना न विचारता उधळतो.

प्रतिसाद १:
असहमत. बुद्धिबळात प्यादे देणाऱ्याला कोणी अप्रामाणिक म्हणत नाही. याच स्पर्धेच्या २०१० सालच्या ‘ब्रेकअवे’ या खेळात हरणाऱ्या युतीलाही विजेत्यांच्या गुणांइतकेच क्रमवारीचे गुण मिळत, म्हणून काही सामन्यांत सहाही रोबोट एकाच बाजूसाठी गोल करू लागले. मुलांनी नियम नीट वाचले, एवढाच त्यांचा अपराध! दोष असेल तर तो गुणपद्धतीचा आहे.

प्रतिसाद २:
प्यादे आपलेच असते, शेजारच्या पटावरचे नव्हे. ‘ब्रेकअवे’मध्ये सहाही संघ संगनमताने खेळले, तरी निदान त्या सामन्यातले कोणी फसले नव्हते. दुसऱ्या युतीतील संघाला कुवतीपेक्षा कमी खेळायला लावणे पुढे नियमपुस्तिकेने स्पष्टपणे निषिद्ध ठरवले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बाद फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम खराब खेळलेल्या बॅडमिंटनच्या आठ महिला खेळाडूंना स्पर्धेबाहेर काढले गेले, तेव्हा ‘पद्धतच तशी होती’ हा बचाव टिकला नाही.

प्रतिसाद १:
साथीदारांचा मुद्दा मान्य करतो. पण मोटर तापत असल्याने बाद फेरीसाठी रोबोट राखून ठेवणारा संघही मग दोषी ठरेल काय?

धागाकर्ता:
नाही, त्याने ते आधी सांगितले असेल तर. मैदानात उतरण्यापूर्वी साथीदारांना कळले, तर ते दोन रोबोटांच्या बळावर निराळी आखणी करू शकतात. मुद्दाम हरू पाहणाऱ्या संघाला मात्र आपला बेत त्यांच्यापासूनच लपवावा लागतो, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.