कोजागरीला जोधपूर: रिफ, खडकांचे उद्यान आणि खाणे याविषयी माहिती हवी आहे

पायवाट:
नमस्कार. यंदा कोजागरीच्या सुमारास आई-वडिलांसह तीन-चार दिवस जोधपूरला जाण्याचा विचार आहे. मुख्य निमित्त आहे ते मेहरानगड किल्ल्यावर शरद पौर्णिमेच्या आगेमागे भरणाऱ्या राजस्थान इंटरनॅशनल फोक फेस्टिव्हलचे, म्हणजे ज्याला सगळे 'रिफ' म्हणतात त्याचे. राजवाडे आणि संग्रहालये आम्ही पूर्वी पाहिलेली आहेत; या वेळी गाणे ऐकावे, सकाळी मोकळ्या हवेत हिंडावे आणि तिथले लोक जे खातात ते खावे, एवढाच बेत आहे. वडिलांचा कान शास्त्रीय संगीतावर तयार झालेला आहे, आईला झाडाझुडपांचे वेड आहे आणि आम्ही तिघेही शाकाहारी आहोत. दिवसाची आखणी कशी करावी आणि रिफमध्ये नेमके काय ऐकावे, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

सारंगा:
रिफ २००७ पासून होतो आहे. पाहुण्या कलाकारांची नावे मोठ्या अक्षरांत छापलेली असतात म्हणून केवळ रात्रीच्या मुख्य मंचावर डोळा ठेवू नका. आपल्या वडिलांचा कान तयार असेल तर त्यांना खरा आनंद दोन ठिकाणी मिळेल: जसवंत थड्यावर पहाटे होणाऱ्या मैफिली आणि दिवसा किल्ल्यात होणारी छोटी सत्रे, जिथे वादक हाताच्या अंतरावर बसलेले असतात. जसवंत थडा हे १८९९ मध्ये बांधलेले संगमरवरी स्मारक असून ते किल्ल्याच्या अगदी जवळ आहे; पहाटे तिथे गारवा असतो, त्यामुळे शाल अवश्य न्यावी.

मांगणियार आणि लंगा हे दोन्ही मुसलमान गवयांचे समाज आहेत आणि दोघेही पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रसंगी गात आले आहेत. फरक असा की मांगणियारांचे यजमान बहुतांशी राजपूत व इतर हिंदू, तर लंगांचे सिंधी मुसलमान. लंगांची सिंधी सारंगी आपल्या कानाला लवकर ओळखीची वाटते. मांगणियारांचा कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचे त्यांचे तंतुवाद्य, मात्र जवळून पाहण्याजोगा आहे: आंब्याच्या लाकडाचे घमेल्याएवढे गोल पोट, त्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, आतड्याच्या जाड तारा आणि त्यांतून निघणारा खर्जातला, किंचित खरखरीत आवाज. हमीरा गावचे साकर खान यांना याच वाद्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली होती. हे वाद्य वाजवणारे आता थोडे उरले आहेत, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत कमायचा दिसला की बाकीचे सोडून तिथे जावे असे माझे स्पष्ट मत आहे. हॉटेलांच्या अंगणात पर्यटकांसाठी जी ठरावीक चार-पाच गाणी होतात, त्यांवरून या मंडळींची पारख करू नये.

रानवाटा:
आईंसाठी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. सकाळी लवकर जा. ऑक्टोबरात दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास असतो आणि तापलेल्या खडकावर तो त्याहून जास्त जाणवतो.

किल्ल्याच्या पायथ्याची ही सुमारे ७० हेक्टर जमीन विलायती बाभळीने, म्हणजे आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात तिने, पुरती गिळली होती. संस्थानी काळात हे मेक्सिकोकडचे झाड मारवाडात मुद्दाम पसरवण्यात आले आणि मग ते कोणालाच आवरेना, कारण वरून तोडले की ते मुळापासून पुन्हा फुटते. झाडांचे अभ्यासक व लेखक प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली २००६ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा उपयोगी पडले ते खाणीत दगड फोडणारे स्थानिक खंडवालिया कामगार. हातोडीने खडक ठोकून, त्याचा नाद ऐकून तो कुठे फुटेल हे ते सांगत आणि छिन्नीने हातभर खोल जाऊन मूळ उपसून काढत. त्याच खड्ड्यांत मग थोर, कुमट, केर, रोहिडा अशी मरुभूमीची मूळची झाडे लावली गेली. उद्यान २०११ मध्ये लोकांसाठी खुले झाले. पायाखालचा खडक ज्वालामुखीजन्य ऱ्हायोलाइट असून तो सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याच्यापुढे फारच लहान, साडेसहा कोटींचा. पावसाळ्यानंतरचे गवत ऑक्टोबरात सोनेरी होऊ लागलेले असते. रोहिड्याची फुले मात्र या दिवसांत मिळायची नाहीत, ती वसंतातली.

चुलीपाशी:
खाण्याबद्दल थोडक्यात लिहितो. सकाळी घंटाघर आणि सरदार मार्केटच्या परिसरात मिरची वडा खा. जाड मिरचीत बटाट्याचे सारण भरून बेसनात तळतात आणि बरेच जण तो पावाच्या दोन कापांत घालून खातात, जे वडापाववाल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिथलीच माखनिया लस्सी इतकी घट्ट असते की ती चमच्याने खावी लागते. माव्याची कचोरी एक घेऊन तिघांत वाटा, कारण ती पाकात बुडवलेली असते.

जेवणात पंचकुटा मागा. केर, सांगरी, कुमट अशा वाळवलेल्या रानमेव्याची ही भाजी बाजरीच्या सोगऱ्याबरोबर (म्हणजे जाड भाकरीबरोबर) आणि भरपूर तुपाबरोबर खातात. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. कुमटच्या बिया तर रानवाटा यांनी लिहिलेल्या उद्यानातल्याच झाडाच्या. शिवाय गुलाबजामची भाजी (बिनसाखरेच्या माव्याची), चक्कीची भाजी (कणीक धुऊन उरलेल्या चिकट गोळ्याची) आणि काबुली नावाचा थरांचा शाकाहारी पुलाव हे खास जोधपुरी पदार्थ आहेत. लाल मिरचीचा हात तिथे सढळ असतो. वडीलधारी माणसे बरोबर असल्यास आधीच सांगून ठेवावे.

पायवाट:
सर्वांचे मनापासून आभार. एक अडचण लिहायची राहिली: आईचे गुडघे दुखतात. किल्ल्याची चढण आणि खडकांतल्या पायवाटा तिला झेपतील का?

रानवाटा:
किल्ल्यावर लिफ्ट आहे, ती काळजी नको. उद्यानात मात्र वाटा खडबडीत आहेत. त्यांनी सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीपाशी असलेले माहितीकेंद्र आणि तिथली रोपवाटिका निवांत पाहावी, तेवढ्या वेळात आपण आणि वडिलांनी फिरून यावे. दुसऱ्या दिवशी गाडी करून मोकलावासजवळचे अरना-झरना हे संग्रहालय पाहा. लोकसंगीताचे थोर संशोधक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून ते उभे राहिले. तिथे राजस्थानभरातले खराटे आणि केरसुण्या, त्या कोणत्या गवताच्या, कोण बांधतो, कुठे वापरतात यासह मांडलेल्या आहेत, लोकवाद्येही आहेत. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पुजणाऱ्या घरातल्या बाईंना तिथे नक्की रमायला होईल.

सारंगा:
मुक्काम तेवढा जुन्या शहरात, तूरजी का झालरा या बारवेच्या आसपास घ्यावा, म्हणजे रात्री उशिरा मैफल संपल्यावर परतीचे अंतर कमी पडते. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी दारापर्यंत येईलच असे नाही. खोली ठरवतानाच रिक्षा कुठवर येते आणि जिने किती आहेत हे विचारून घ्यावे.